‘मल्हार’ या नावाचा खरा अर्थ कोणता धरावा?

लातूर जिल्ह्यातील एका तरुण वडिलांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलाचे नाव मल्हार ठेवायचे घरात जवळजवळ ठरले आहे, पण अर्थावरून एकमत होत नाही. मुलाचे आजोबा म्हणतात की हे खंडोबाचे नाव आहे. मल्ल दैत्याला मारले म्हणून देव मल्हारी झाला. मुलाच्या आजोळी गाण्याचे वातावरण आहे आणि तिथे सगळे मल्हार म्हणजे पावसाळ्यातला राग असे धरून चालतात. मोबाइलवरच्या बाळांच्या नावांच्या यादीत ‘पाऊस आणणारा’ एवढाच अर्थ दिला आहे. त्यातच एका नातेवाइकांनी शंका काढली की या नावात राक्षसाचे नाव आहे, शिवाय ‘मल’ म्हणजे घाण, मग असे नाव मुलाला कशाला? बाळाच्या आईच्या मनात तेव्हापासून किंतु आला आहे. बारसे तोंडावर आले आहे, म्हणून ‘खरा अर्थ कोणता तो एकच सांगा’ अशी त्यांची विनंती आहे. शेवटी त्यांनी जाता जाता असेही लिहिले आहे की आजोबांच्या वडिलांचे नाव शेताच्या जुन्या कागदांत मल्हारी असे आहे.

मी महाविद्यालयात जुनी मराठी आणि भाषेचा इतिहास शिकवत आलो, आणि मोडी कागद वाचून देण्याच्या निमित्ताने मराठवाड्यातल्या बऱ्याच घरांची जमिनीची व वंशावळीची दप्तरे माझ्या नजरेखालून गेली. त्यामुळे नावांविषयीचे प्रश्न माझ्याकडे नेहमी येतात. या अनुभवावरून सांगतो की ‘खरा अर्थ’ म्हणताना माणसे तीन वेगळे प्रश्न एकत्र करतात आणि वादाला तिथूनच सुरुवात होते. शब्द मुळात कुठून आला, हा पहिला प्रश्न. आज लोक तो ऐकल्यावर काय समजतात, हा दुसरा. आणि तुमच्या घरात हे नाव कशासाठी ठेवले जात आहे, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर पुराव्यावर ठरते, दुसऱ्याचे वापरावर, आणि तिसऱ्याचे फक्त तुमच्या घरावर. आजोबा आणि आजोळची मंडळी एकमेकांना खोडून काढत आहेत असे तुम्हाला वाटते. पण ते दोघे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत, आणि म्हणूनच दोघांनाही आपली बाजू सोडता येत नाही.

प्रथम आजोबांची बाजू घेऊ, कारण तिला ग्रंथाचा आधार आहे. संस्कृतात शत्रूला ‘अरि’ म्हणतात. मुर दैत्याचा शत्रू तो मुरारि, कंसाचा शत्रू तो कंसारि, त्रिपुराचा शत्रू तो त्रिपुरारि; त्याच घडणीने मल्लाचा शत्रू तो मल्लारि. मल्हारी माहात्म्यातली कथा आपल्याकडे जागरणात आजही सांगितली जाते. मणी आणि मल्ल या दोन दैत्यांनी ऋषींना छळले, शंकराने मार्तंडभैरवाचे रूप घेतले, सहा दिवस युद्ध चालले आणि मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला दैत्यांचा नाश झाला. तीच आपली चंपाषष्ठी. भरीत-रोडग्याचा नैवेद्य, बेल-भंडार आणि सहा दिवसांचे षड्रात्र पाळणाऱ्या घरांना ही कथा वेगळी सांगावी लागत नाही.

मल्लारिचे मल्हारी कसे झाले, हे सहज समजण्यासारखे आहे. मराठी जिभेने जोड ‘ल’ आला की काही शब्दांत त्याचा ‘ल्ह’ केलेला दिसतो. संस्कृतातला उल्लास मराठीत उल्हास झाला. जुन्या शिलालेखांतले कोल्लापूर आज कोल्हापूर आहे. त्याच वाटेने मल्लारीचे मल्हारी होणे स्वाभाविक आहे, आणि ते अलीकडे झालेले नाही. पैठणच्या एकनाथांच्या, म्हणजे १६व्या शतकातल्या, वाघ्याच्या भारुडात ‘मल्हारी’ हेच रूप येते. शेवटची ‘ई’ गळून मल्हार हे रूपही जुने आहे: मल्हारराव होळकरांचा जन्म १६९३ चा, आणि तळी उचलताना आपण आजही ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ असेच म्हणतो. म्हणजे मल्हार हे आजच्या काळात कुणीतरी कापून छोटे केलेले नवे नाव आहे, असा जो समज शहरांत ऐकू येतो, त्याला आधार नाही.

इथपर्यंत आजोबांशी माझा मतभेद नाही. पण व्युत्पत्तीचा प्रश्न इथे संपत नाही, कारण या देवाचे आणखी एक नाव आहे आणि ते मल्लारीपेक्षा जुने असावे असे मानायला जागा आहे. ते नाव म्हणजे मैलार. कर्नाटकात बळ्ळारीच्या बाजूला मैलार नावाचे या देवाचे मोठे क्षेत्र आहे. आपल्या सीमेला लागून बीदर जिल्ह्यातही मैलार आहे आणि तिथल्या देवाला लोक मैलार मल्लण्णा म्हणतात. तेलंगणात हाच देव मल्लण्णा या नावाने पुजला जातो. जुन्या मराठीत त्याचे मैराळ असे रूप मिळते. मैलारमधल्या ‘ल’ आणि ‘र’ यांनी जागा बदलल्या की मैराळ होते, आणि असा वर्णांचा पालट बोलीत नेहमी घडतो. मैराळ हे आडनाव तर आजही महाराष्ट्रात आहे.

हे सगळे आपल्या दाराशी किती जवळ आहे, याचा पुरावा पाहायला बळ्ळारीला जायची गरज नाही. धाराशिव जिल्ह्यात तुळजापूर तालुक्यातल्या नळदुर्गजवळ खंडोबाचे जे ठाणे आहे, त्याचे नाव मैलारपूर आहे. तिथला देव वर्षाचा मोठा काळ अणदूरला असतो आणि उरलेला काळ मैलारपुरात येतो. देव एका गावाहून दुसऱ्या गावी नेण्याची ही रीत दोन्ही गावे मोठ्या निष्ठेने सांभाळतात. यात्रेला आलेल्या माणसाला विचारा, तो म्हणेल खंडोबाला आलो. त्याची घोषणा असते जय मल्हारची. आणि तो ज्या जमिनीवर उभा असतो तिचे नाव असते मैलारपूर. एका देवाची तीन नावे एका ठिकाणी, आणि तिन्ही वापरात. नावांच्या अभ्यासात मी गावांच्या नावांना फार मान देतो, कारण ग्रंथ नव्याने लिहिला जाऊ शकतो, पण गावाचे नाव सहसा कुणी मुद्दाम बदलून जुने करत नाही.

तळीचेच पाहा. तामणात नारळ, सुपारी, पाने आणि भंडारा ठेवून पाच जण ते तामण धरतात, ‘सदानंदाचा येळकोट’ म्हणत वर उचलतात आणि भंडारा उधळतात. येळकोट हा शब्द मराठीत दुसरीकडे कुठे येत नाही. कन्नडात ‘एळु’ म्हणजे सात आणि ‘कोटि’ म्हणजे कोटी. देवाच्या सात कोटी सैन्याचा तो जयघोष. कर्नाटकातल्या मैलारच्या भक्तांची घोषणाही ‘एळु कोटि’ हीच आहे. ज्या देवाचा जयघोष कन्नडातून आला, त्या देवाचे नावही कन्नड मुलखातून आले असेल, असे अनुमान काढणे वावगे नाही. मराठवाड्यातल्या माणसाला याचे नवल वाटू नये. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बीदर, नांदेड आणि धाराशिव हे सगळे जिल्हे एकाच हैदराबाद राज्यात होते, आणि त्याआधीही शतकानुशतके या पट्ट्यात मराठी आणि कन्नड एकाच बाजारात बोलली गेली. उमरगा, निलंगा, देगलूर भागातल्या जुन्या माणसांना दोन्ही भाषा येतात, त्यात त्यांना काही विशेष वाटत नाही.

मग मैलार आधी की मल्लारि आधी? यावर अभ्यासकांत चर्चा झाली आहे. डॉ. रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोन्थायमर यांनी खंडोबाच्या उपासनेचा जो मागोवा घेतला, त्यातून हा देव मुळात दख्खनच्या लोकांचा, विशेषतः धनगर-गुराख्यांचा आणि माळरानावरच्या वस्त्यांचा होता आणि पुराणांची चौकट त्याला मागाहून मिळाली, असे चित्र उभे राहते. मल्हारी माहात्म्य स्वतःला ब्रह्मांडपुराणाचा भाग म्हणवते, पण अभ्यासक ते साधारणपणे १५व्या-१६व्या शतकाच्या सुमाराचे मानतात. मला स्वतःला मैलार आधीचे वाटते, आणि त्यामागे भाषेचे एक साधे कारण आहे. ‘मल्ल’ या शब्दात ‘ऐ’ कुठेच नाही. मल्लारिपासून मैलार किंवा मैराळ झाले म्हणायचे तर तो ‘ऐ’ कुठून आला, हे सांगता येत नाही. उलट दिशेने विचार केला तर अडचण राहत नाही. लोकांच्या तोंडी मैलार हे नाव आहे. संस्कृत जाणणाऱ्या पंडितापुढे ते आले. त्याच्यासमोर मुरारि, कंसारि, त्रिपुरारि असा तयार साचा होता. त्याने त्या साच्यात मैलार बसवून मल्लारि केले, आणि मल्लारि म्हटल्यावर मल्ल कोण, हे सांगणारी कथा आवश्यक झाली. प्रतिष्ठानचे पैठण होते, तेव्हा शब्द बोलून बोलून झिजलेला असतो. मैलारचे मल्लारि होते, तेव्हा शब्द जाणीवपूर्वक घडवलेला असतो. या दोन्ही गोष्टी आपल्या नावांत सर्रास घडतात आणि त्यांतला फरक ओळखणे हे आमच्या कामाचे निम्मे अंग आहे.

मात्र हे अनुमान आहे, आणि त्याच्या मर्यादा सांगितल्या पाहिजेत. मैलार हा शब्द स्वतः कुठून आला, यावर एकमत नाही. द्राविडी भाषांत डोंगराला ‘मले’ किंवा ‘मलै’ म्हणतात, त्यावरून डोंगरावरचा देव असा अर्थ काही जण लावतात. खंडोबाची बहुतेक जुनी ठाणी टेकडीवर किंवा माळावर आहेत, म्हणून हे सुचणे साहजिक आहे, पण ‘ऐ’ ची जी अडचण मी वर मल्लारिला लावली ती इथेही लावावी लागते. शिवाय आजचे ‘मल्हार’ हे रूप मैलार आणि मल्लारि या दोन्ही प्रवाहांच्या संगमातून आले असणे अगदी शक्य आहे. मैलारमधला ‘ऐ’ बोलण्यात सैल होऊन ‘मलार’ होतो, आणि मल्लारीतून मल्हारी होतेच. दोन्ही रूपे जवळ आली की लोक त्यांना एकच मानतात. जुन्या दप्तरांत मला हेच दिसत आले आहे. एका माणसाचे नाव एका ओळीत ‘मलारी’ आणि पुढच्या ओळीत ‘मल्हारी’ असे लिहिलेले असते, आणि दोन्ही नोंदी एकाच शेताच्या असतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसल्याने मल्हारि की मल्हारी हा प्रश्न तर लिहिणाऱ्याला पडतच नसे. निजामाच्या अमदानीतल्या उर्दू नोंदींत मात्र ‘लाम’ अक्षरानंतर ‘हे’ काढलेला पाहिला की खात्री होते की त्या गावात नाव ‘ल्ह’ ने उच्चारले जात होते. मुलाच्या पणजोबांचा कागद मोडीत आहे की उर्दूत, हे तुम्ही लिहिलेले नाही. उर्दूत असेल तर ते अक्षर एखाद्या जाणकाराकडून नीट वाचून घ्या.

लातूर-धाराशिव भागात आणखी एक गोंधळ होतो. मल्लिकार्जुन, मल्लिनाथ, मल्लप्पा ही नावे ऐकून लोक ती सगळी मल्हारचीच भावंडे समजतात. मल्लिकार्जुन हे श्रीशैलच्या शंकराचे नाव आहे आणि त्यातला ‘मल्लिका’ म्हणजे मोगऱ्याच्या जातीचे फूल, असा त्याचा परंपरेने अर्थ लावतात. मल्लिनाथ हे जैनांचे एकोणिसावे तीर्थंकर. मल्लप्पा हे आपल्या भागात बहुधा मल्लिकार्जुनाचे घरगुती रूप असते, पण जिथे मल्लण्णाची उपासना आहे तिथे ते मैलारकडेही जाऊ शकते. हे घराच्या कुलदैवतावर अवलंबून आहे आणि घर पाहिल्याशिवाय त्याचा निर्णय करू नये.

आता रागाकडे येतो. आजोळच्या मंडळींचे म्हणणे हलके समजू नये, कारण राग म्हणूनही हे नाव जुने आहे आणि त्याचा एक महत्त्वाचा दुवा आपल्याच मातीत आहे. देवगिरीच्या यादवांच्या दरबारात, सिंघण राजाच्या काळी, म्हणजे १३व्या शतकाच्या पूर्वार्धात, शार्ङ्गदेवांनी संगीतरत्नाकर लिहिला. त्यांचे घराणे मूळ काश्मीरचे, पण ग्रंथ तयार झाला तो आजच्या दौलताबादला. त्या ग्रंथात रागांची जी नामावळी आहे तिच्यात मल्लारी-मल्हार या कुळातली नावे येतात. म्हणजे रागाचे नाव मल्हारी माहात्म्याच्या आधीपासून नोंदलेले आहे. केवळ देवावरून रागाला नाव पडले असे छातीठोकपणे म्हणता येत नाही, त्याचे हे एक कारण.

रागाच्या नावाची फोड करणाऱ्यांत दोन मते प्रचलित आहेत. एक म्हणजे ‘मल हरतो तो मल्हार’. मनाचा मळ दूर करणारा, उन्हाळ्याची धूळ धुऊन टाकणारा असा त्याचा भावार्थ सांगतात. ऐकायला हे सुंदर आहे, आणि गायकांनी ते मनापासून जपले आहे; पण जुन्या रूपांत जोड ‘ल’ आहे आणि मळाचा ‘मल’ एका ‘ल’ चा आहे, म्हणून ही फोड मागाहून बसवलेली वाटते. दुसरे मत असे की अनेक जुन्या रागांची नावे प्रदेशांवरून आणि जनसमूहांवरून पडली: गुर्जरी, सैंधवी, द्राविडी, कर्णाट, मालव. त्याच रीतीने मल्हारही एखाद्या प्रदेशाच्या किंवा लोकांच्या धुनेवरून आला असावा. मला हे मत अधिक संभवनीय वाटते, परंतु नेमका कोणता प्रदेश आणि कोणते लोक हे दाखवणारा पुरावा हाती नसल्याने त्यापुढे मी जात नाही. दक्षिणेत देवाची मिरवणूक निघताना नागस्वरावर जी रचना वाजवतात तिला मल्लारी म्हणतात, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. देव, मिरवणूक आणि संगीत यांचा संबंध या शब्दाच्या भोवती कुठेतरी आहे खरा. पण संबंध असणे वेगळे आणि एकातून दुसरे निघाले हे सिद्ध होणे वेगळे.

मोबाइलच्या यादीतला ‘पाऊस आणणारा’ हा अर्थ मात्र शब्दाचा नाही, रागाच्या कीर्तीचा आहे. याला रागांची नावेच साक्ष आहेत. मेघमल्हार या नावात मेघ वेगळा जोडावा लागला. मल्हारचाच अर्थ ढग किंवा पाऊस असता तर तसे करण्याचे कारण नव्हते. गौडमल्हार, सूरमल्हार, रामदासी मल्हार, तानसेनांशी जोडला जाणारा मियाँमल्हार, या प्रत्येक नावात पुढचा शब्द ओळख सांगतो आणि मल्हार हे कुळाचे नाव म्हणून मागे राहते. पावसाचा संबंध ऋतूमुळे आला. हा राग पावसाळ्यात गाण्याची रीत पडली, तानसेनांच्या आख्यायिका त्याला जोडल्या गेल्या, आणि पुढे शब्द ऐकला की पाऊस आठवू लागला. वापरातून आलेला अर्थही अर्थच असतो, म्हणून मी त्याला खोटा म्हणणार नाही. ज्या भागात मृग कोरडा गेला की गावाचा जीव टांगणीला लागतो, तिथे मुलाच्या नावात कुणाला पाऊस ऐकू येत असेल तर ते मी समजू शकतो. फक्त तो व्युत्पत्ती म्हणून सांगू नये.

नातेवाइकांच्या शंकेला उत्तर देणे सोपे आहे आणि ते ठामपणे द्यावे, कारण बाळाच्या आईच्या मनातला किंतु तिथूनच आला आहे. दैत्याचे नाव असलेले देवनाम अशुभ मानायचे तर मुरारी आणि मधुसूदन ही नावेही सोडावी लागतील. मुर आणि मधु हे दोघेही दैत्यच होते. त्या नावांनी कुणी दैत्याला हाक मारत नाही, हाक असते ती दैत्याला जिंकणाऱ्याला. मल्हारी माहात्म्याच्या कथेत तर आणखी एक गोष्ट आहे. मणी मरताना शरण आला, आपला घोडा त्याने देवाला दिला आणि देवापाशी राहण्याचा वर मागून घेतला; म्हणून त्याला भक्तांच्या लेखी जागा आहे. मल्लाने मात्र शेवटपर्यंत विनाशच मागितला, आणि त्याचे शीर देवाच्या पायरीशी राहिले. देवाच्या नावात मल्ल आला तो असा, पायाखाली. आणि ‘मल’ म्हणजे घाण ही फोड कुणी धरलीच, तरी संपूर्ण शब्दाचा अर्थ घाण होत नाही, घाण दूर करणारा असा होतो. कुठल्याही बाजूने पाहिले तरी या नावात अमंगळ काही निघत नाही.

आत्तापर्यंतचे थोडक्यात सांगायचे तर देवाच्या नावाचे मूळ बहुधा मैलार, त्याला संस्कृत रूप मिळाले मल्लारि, मराठी तोंडी झाले मल्हारी आणि मल्हार. रागाचे नाव त्याच वळणाचे पण त्याचा उगम स्वतंत्रपणे शोधावा लागतो. आणि पाऊस हा रागामुळे चिकटलेला अर्थ आहे. यातला पहिला भाग मी बऱ्यापैकी विश्वासाने मांडतो, दुसरा अनिर्णित ठेवतो.

राहिला तिसरा प्रश्न, म्हणजे तुमच्या घराचा. इथे सगळे परिस्थितीवर अवलंबून असते. मला विचारणाऱ्यांत पुण्या-मुंबईत स्थायिक झालेली अशी कुटुंबे असतात की ज्यांचे कुलदैवत खंडोबा नाही आणि ज्यांना हे नाव केवळ गाण्यामुळे आवडले. त्यांच्या मुलाच्या नावाचा अर्थ राग हाच आहे आणि त्यात कमीपणा नाही. खंडोबावरची दूरचित्रवाणी मालिका २०१४ पासून काही वर्षे चालली, त्यानंतर हे नाव पुष्कळ घरांत नव्याने ऐकू येऊ लागले. त्या घरांत ते सरळ देवाचे नाव म्हणून आले. काही मुस्लिम भक्त खंडोबाला मल्लूखान म्हणतात, म्हणजे नावाचा हा धागा धर्माची वेसही ओलांडून गेलेला आहे. मराठवाड्यात खंडोबा कुठल्या एका जातीचा नाही. नांदेड-हिंगोलीकडचे हटकर असोत, मराठे असोत, मातंग असोत की ब्राह्मण, नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत घोड्यांच्या बाजारापासून देवळापर्यंत सगळ्यांची गर्दी एकच असते. त्यामुळे कुणी हे नाव अमक्याच समाजाचे आहे असे सांगितले, तर तेही मानू नका.

तुमच्या बाबतीत मला निर्णय अवघड वाटत नाही, आणि त्याचे कारण तुम्ही शेवटच्या ओळीत दिले आहे. ज्या घरात पणजोबा मल्हारी होते, त्या घरात हे नाव पूर्वजाचे म्हणूनच परत येत आहे. आपल्याकडे वारलेल्या आजा-पणज्याचे नाव नातवा-पणतवाला ठेवण्याची रीत आहे, आणि सासऱ्याचे नाव सुनेने घ्यायचे नाही म्हणून त्याच नावाच्या मुलाला घरात दुसऱ्याच लाडक्या नावाने हाक मारण्याचीही. मुलाच्या आजोबांना मल्ल दैत्याच्या कथेपेक्षा आपल्या वडिलांचे नाव पुन्हा घरात यावे, ही ओढ अधिक असण्याची शक्यता आहे. वडीलधारी माणसे असे स्वतःहून बोलून दाखवत नाहीत. त्यांना एकदा निवांत विचारा की त्यांच्या वडिलांचे नाव मल्हारी कसे पडले. नवसाने पडले की यात्रेच्या दिवसांत जन्म झाला म्हणून, की त्यांच्याही आधी कुणी मल्हारी होते म्हणून. माझ्या अनुभवात या एका प्रश्नाला जे उत्तर मिळते ते कुठल्याही कोशात नसते, आणि सांगणारी पिढी गेली की ते मिळत नाही. ते लिहून ठेवा. आजोळच्या मंडळींनाही सांगा की बारशाला मल्हार गायला काहीच हरकत नाही. देवाच्या नावाने रागाला अडवलेले नाही.

कागदोपत्री दोन गोष्टी सांभाळा. पहिली, नाव ‘मल्हार’ ठेवायचे की ‘मल्हारी’, हे नोंदणीआधी ठरवा आणि सगळीकडे तेच लिहा. पणजोबांसाठी म्हणून एका कागदावर मल्हारी आणि दुसऱ्यावर मल्हार असे केलेत तर मुलाला पुढे दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत हे सिद्ध करत बसावे लागेल. माझे मत मल्हार या रूपाला आहे, कारण ते तुमच्या सर्वांना मान्य आहे आणि आजोबा हाक मारताना त्याचे मल्हारी करायला मोकळेच आहेत. दुसरी, जन्मनोंदणीच्या वेळी देवनागरी नाव स्वतः तपासा. इंग्रजी अक्षरांवरून परत मराठी करताना ‘मल्हार’चे ‘माल्हार’ किंवा ‘मलहार’ झालेले मी अनेक दाखल्यांवर पाहिले आहे. ‘ल’ चा पाय मोडून ‘ह’ ला जोडलेला आहे ना, एवढे बघा. आणि बारशाची तारीख जवळ आली म्हणून घाई करू नका. बाळाच्या नावाशिवाय जन्माची नोंद करता येते, आणि पहिल्या बारा महिन्यांत नाव विनाशुल्क भरता येते. त्यानंतरही पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून ते नोंदवता येते. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पुढच्या बहुतेक कामांत जन्मदाखला हाच मुख्य पुरावा धरला जातो, म्हणून बाळाच्या आईचे पूर्ण समाधान झाल्यावरच ती नोंद करा.